अकरा जणींचा ब्रेक

बुटीबोरीच्या सूतगिरणीत तुटलेला धागा सांधायला आम्ही अकरा बाया होतो. सगळ्या विणकरांच्या घरच्या, आणि सगळ्या एजन्सीमार्फत. दर सहा महिन्यांनी एजन्सी आम्हाला ‘ब्रेक’ द्यायची, म्हणजे कोणी कायम व्हायला नको. ब्रेक लागला की बसा घरी. बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तर रामराम! सुटीचा मला राग नव्हता; घरी कामं काय कमी असतात? पण परत घेतील की नाही, या धास्तीनं सुटीतला घास गोड लागत नसे.

त्या वर्षी मात्र गंमतच झाली. एजन्सीचा माणूस मोठा मुहूर्तवाला. दिवाळीच्या पाडव्याचा मुहूर्त चुकायला नको म्हणून त्यानं आम्हा अकरा जणींचे नवे कागद एकाच दिवशी भरले, वर पेढेही वाटले. झालं! ऐन उन्हाळ्यात अकराही जणींचा ब्रेक एकदम लागला, आणि हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

आम्ही नागपूरच्या नंदनवन वस्तीत माझ्या गच्चीवर उडदाचे पापड लाटायला बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी हा एजन्सीवाला घामाघूम होऊन जिना चढून वर आला.

“ताई, चला ना. नवीन पोरींले धागाच सांधता येऊन नाही राहिला. अर्ध्या मशिनी बंद हायेत.”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण चेहरा कोरा ठेवला. “काहून गा भाऊ? ब्रेक हाय ना आमचा?”

सगळ्या खो खो हसल्या. आमच्यातली सगळ्यात वडील मावशी, जी गिरणीत कधी वर मान करून बोलली नाही, तिनं त्याच्या हातात लाटणं दिलं. “बस. लाटता लाटता बोल.”

बसला बिचारा! त्याचा पापड पाहून आमची हसून हसून पोटं दुखली.

मग मी म्हटलं, “ब्रेक द्या, ना नाही. काम कधी जास्त, कधी कमी, समजते आम्हाले. पण एकेकीले द्या, तारीख आम्ही सांगू, अन् परत कधी घ्याल ते आधीच लिहून द्या.”

“साहेबाले विचारा लागन.”

“विचारा. तोवर पापड वाळतेत.”

तो कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलत राहिला. मी लाटणं फिरवत होते, पण मनात एकच: या जिभेपायी दहा जणींची रोजीरोटी तर नाही ना घालवली मी? अखेर तो वळला. “मानलं साहेबानं.”

सोमवारी खात्याच्या दाराशी कागद लागला: नाव, ब्रेक कधी, परत कधी; तिन्ही रकाने आम्हीच भरायचे. मावशीला लिहिता येत नाही, म्हणून मी पेन घेतलं. लेकीचं बाळंतपण श्रावणात, तेव्हाची तारीख तिनं सांगितली. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “अन् हे बी मीच सांगू?”

“हो मावशी, तुम्हीच.”

तिनं सांगितलं, मी लिहिलं. नऊ वर्षं त्या गिरणीत राबलेली ती बाई कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पुन्हा वाच वं.”

मी पुन्हा वाचलं.