अभिषेकाची धार

वराळ्याच्या शिवालयात मी रुद्र म्हणतो, तेव्हा एक गृहस्थ नित्य शेजारी बसतात. रुग्णालयांच्या नोंदींची प्रत मुंबईच्या संगणककेंद्रातून हैदराबादच्या केंद्रात ठेवणे हे त्यांचे काम. धार बेताची पडावी म्हणून अभिषेकपात्राच्या छिद्रात दर्भाची काडी तेच बसवतात. पाणी पाठाबरोबरच संपते.

परवा पाठापूर्वीच त्यांच्या साहेबांचा फोन आला. प्रत तासाभरात हवी होती.

“सर, आत्ता ओपीडी चालू आहे. कॉपीचा वेग वाढवला तर त्याच लाइनवरचे डॉक्टरांचे रिपोर्ट अडकतील. दुपारी वाढवतो.”

“अहो, नोकरी जाईल!” मी म्हणालो.

“आजोबा, तुम्ही पाठ सुरू करा.”

काळजीत माझ्याच हातून काडी सरकली, धार मोठी झाली. त्यांनी काडी नीट बसवून ती पुन्हा बारीक केली.

सायंकाळी ते दारातूनच म्हणाले, “प्रत पोचली. कुणी खोळंबलं नाही. साहेबही निवले.”

सकाळचे पाणीही पाठाबरोबरच संपले होते.