को बुनसोंगचा सुजलेला गाल

विलाईचं लग्न ठरलं तेव्हा तिला सांगितलं होतं की मुलगा भाजलेलं डुक्कर विकतो, दारू बेताने पितो आणि स्वभावाने गरीब आहे. वर्षातून एकदा, नऊ दिवसांच्या व्रतात, त्याच्या अंगात देव येतो आणि तो गालातून आरपार सळई घालून फुकेतभर हिंडतो, हे सांगायला मात्र सगळे सोयीस्कर विसरले. पहिल्या वर्षी ते पाहून ती रडली. दुसऱ्या वर्षी चिडली. तिसऱ्या वर्षापासून सळई निघाली की गाल धुवायचं काम तिच्याकडे आलं ते आलंच. देवाने केलेली जखम देवच भरतो, असं लोक म्हणायचे. देवाबद्दल विलाईची काही तक्रार नव्हती, पण देव काही चुलीवर पाणी उकळत बसत नाही, हे तिला अकरा वर्षांत कळून चुकलं होतं.

तिची पद्धत ठरलेली. पाणी मीठ घालून उकळायचं, कोमट करायचं. आधी स्वतःचे हात कोपरापर्यंत साबणाने घासायचे. काहीही खाल्लं की नवऱ्याने खळखळून चूळ भरायची. मग ओल्या गॉझने भोकाभोवतीची खपली नुसती भिजवायची, ओढायची नाही. राख नाही, पावडर नाही, शेजारणीने दिलेलं तेल तर मुळीच नाही. चौथ्या दिवशी बघणारा विचारायचा, दाढी करताना कापलं काय?

यंदा मात्र सळई निघाल्यावर दुसऱ्याच सकाळी, व्रताच्या सातव्या दिवशी, डावा गाल टरारून फुगला.

आता गाल सुजणं ही काही साधी गोष्ट नव्हती. ज्याच्या अंगात देव येतो त्याला लोक देवाचा घोडा म्हणत; अशा घोड्याची जखम चिघळली म्हणजे घोड्याने व्रत मोडलं, चोरून मांसमच्छी खाल्ली, अशी गल्लीची पक्की समजूत. त्यात हा डुक्कर विकणारा. दुकानाला नऊ दिवस कुलूप असलं तरी लोकांच्या नाकातला वास थोडाच जातो! शेवटच्या दिवशी पालखीपुढे याला चालू द्यायचं की नाही, यावर देवळात कुजबुज सुरू झाली.

"मी काही बोलत नाही बाई," आम्मा सिउ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. देवळाच्या मुदपाकखान्यात टोफू तळणारी ही म्हातारी गल्लीतली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत मोकळ्या तोंडाची. "पण गाल बोलतोय ना!"

विलाईचं डोकं सणकलं. देवळाच्या भर अंगणात तिने हात वर केला. "माझ्या नवऱ्याच्या तोंडात मांसाचा कण गेलेला नाही. माझ्या मेलेल्या आईची शपथ!"

तिचा नवरा बुनसोंग, गल्लीचा 'को' म्हणजे दादा, कोपऱ्यात पोरांना खाऊच्या गोळ्या वाटत होता, तो वाटायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी विलाई आरोग्य केंद्रात जाऊन नर्सबाईंपुढे बसली. त्यांनी मोबाइलमधला गालाचा फोटो पाहिला, औषध लिहून दिलं आणि विचारलं, "याला हात कोण कोण लावतं?"

"मीच. धुऊन लावते."

"आणि बाकीचे?"

विलाईच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. रोज सकाळी अंगणात म्हाताऱ्यांची रांग लागायची. घोड्याच्या गालाला बोटं लावायची आणि तीच बोटं आपल्या कपाळाला. आशीर्वाद म्हणून! सगळ्यांत पुढे आम्मा सिउ, टोफूच्या तेलाने माखलेल्या हातांची. म्हणजे गाल सुजवणारी तीच आणि बोभाटा करणारीही तीच! विलाईला इतका आनंद झाला की औषधाची पिशवी ती तिथेच विसरली, अर्ध्या वाटेतून परत गेली, ती घेतली आणि स्कूटर देवळाकडे पिटाळली.

देवळात शिरली आणि ती दारातच थांबली. बुनसोंग देवळाच्या प्रमुखांपुढे गुडघे टेकून बसला होता. भोवती सगळी गल्ली.

"व्रताच्या चौथ्या दिवशी," तो सुजलेल्या तोंडाने बोबडं बोलत होता, "पुलापलीकडे. पेट्रोल पंपाजवळ. व्रताचा पांढरा सदरा काढून डिकीत ठेवला आणि कोळंबीच्या वड्या खाल्ल्या."

"किती?" प्रमुखांनी विचारलं.

"दोन." जरा थांबून तो म्हणाला, "पाच."

"हेल्मेट घालून खाल्लंस?" आम्मा सिउला राहवेना.

"काच वर करून."

कुणीतरी फिसकन हसलं. प्रमुखांनी घसा खाकरून निकाल दिला. उद्या पालखीपुढे चालायचं नाही, आणि पुढच्या वर्षी सळई नाही, मुदपाकखान्यात भांडी घासायची. विलाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

घरी येताच तिने चूल पेटवली. पाणी उकळलं, गार केलं, हात घासले. मग मात्र तिचा बांध फुटला.

"अरे, बोटांमुळे सुजलाय गाल! नर्सबाईंच्या लगेच लक्षात आलं. पाच मिनिटं गप्प बसला असतास, तर मी त्या म्हातारीची सगळ्यांसमोर खोड मोडणार होते. तू सुटला असतास, को!"

"मला माहीत होतं," बुनसोंग खाली बघत म्हणाला. "काल देवळातल्या औषधाच्या तंबूत डॉक्टरांनी हेच सांगितलं."

"मग? कशाला बोललास?"

"देवाला फसवलं, ते देव नि मी बघून घेतलं असतं. पण तू आईची शपथ घेतलीस." त्याने मान वर केली. "त्या बाईने मला कधी उपाशी उठू दिलं नाही, विलाई. तिच्या नावावर खोटं कसं राहू देऊ?"

विलाईचे डोळे भरून आले. राग होता, तो गेलेला नव्हता, पण त्याला उभं राहायला जागा उरली नाही. तिने ओला गॉझ पिळला आणि त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली.

"आईचं आम्ही मायलेकी बघून घेऊ," ती म्हणाली. "तू तोंड उघड."