खुर्शीदबीच्या हाताची पकड

औंढ्यात देवळाच्या वाटेवर खुर्शीदबीचं बांगड्यांचं दुकान. गिऱ्हाइणीचा पंजा ती हातात घ्यायची, गप्पांत गुंतवत दाबायची, की घट्ट बांगडी नकळत मनगटावर. पंचक्रोशीत तिच्या हाताला तोड नव्हती. वजनालाही नव्हती.

गुडघ्यांनी तक्रार केली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अगदी मोजकं खाणं ठरवून दिलं. भाकरी-भात जवळपास बंद. पण अंडी, दही, घट्ट वरण चुकवायचं नाही, आणि तपासायला येत राहायचं. खुर्शीदबी मनात हसली. जन्मभर रोजे धरलेल्या बाईला उपास शिकवता? थोडं खाऊन वजन उतरतं, तर न खाऊन धावत उतरेल! वरण पातळ झालं, अंडी नवऱ्याच्या ताटात गेली. खाजा मियानं हा त्रास निमूटपणे सोसला. दवाखान्याऐवजी ती आडतीच्या काट्यावर चढू लागली. काटा भराभर खाली आला.

मग अनुसयाबाई लेकीला, शिवकन्येला, लग्नाचा हिरवा चुडा भरायला घेऊन आली. खुर्शीदबीनं पंजा दाबला. बोटांत जोरच नाही. रेटलं तशी बांगडी कट्कन पिचली.

"वाढली म्हणा, वाढली!" अनुसयाबाई घाईनं म्हणाली. दुसरीही वाढली. पोरीच्या मनगटावर रक्त आलं. "खुर्शीदबी, हात काहून थरथरून राहिला?"

खुर्शीदबीनं स्वतःच दोघींना शेजारच्या दुकानात पाठवलं आणि गल्ल्यामागं पदरात तोंड लपवलं. गुडघ्यांपायी हातच गेले तर उरलं काय?

"चरबीसंगं दंडाचं मांसही जाळलंत तुम्ही," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चुलीला सरपण कमी पडलं, तर शरीर घराचे वासे ओढतं. अंडी, वरण त्या वाशांसाठी होतं."

"पर चरबी एवढी समोर दिसून राहिली, वाशाला काहून हात लावला?"

"तिलाही लावला. पण वाशांची डागडुजीच बंद होती ना! आता अंडी खा, रोज थोडे हातपाय हलवा. काटा हळू उतरेल, उतरू द्या."

घरी तिनं अंड्याची ताटली स्वतःकडं ओढली.

"आन् मी?" खाजा मिया कळवळला.

"तुमी भाकर खा. मला मनाई हाय."

काटा खरंच रेंगाळला. पुढं एकदा तपासणीत डॉक्टरीणबाई तो निरखत असताना खुर्शीदबी म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या बाई, हात आना इकडं." आणि त्यांचा पंजा धरून दाबला.

"अगं आई! अहो, बोटं!"

"दुखलं?" खुर्शीदबीनं विचारलं, आणि इतकी खूश झाली, की माफी मागायची राहूनच गेली.