बोंडूचा कोपरा

डिचोलीजवळच्या सर्वण गावात सुलोचना गावकरच्या घरी कोणी पाणी मागितलं, तर तांब्या हातात येण्याआधी धुतला जायचा. सकाळी घासलेला, दुपारी विसळलेला, तरी पुन्हा धुतला जायचा. पोदेराकडचे पाव ठेवायची टोपली ती उन्हात घालायची, जनेलाच्या गजांवरून रोज ओला कपडा फिरवायची. शेजारची शांता कधी कधी कुंपणापलीकडून म्हणायची, "सुलोचनाबाय, ऊन तेवढं धुऊन वाळत घालायचं राहिलं तुझं."

हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. नवरा, शंभू, खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता. तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा तांबड्या असायच्या. रस्त्यावरून ट्रक जायचे, त्यांची धूळ तुळशीवर, भातावर, देवाच्या फोटोवर बसायची. त्या धुळीशी भांडता भांडता तिचा संसार झाला. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, शंभूही गेला. धूळ पूर्वीसारखी राहिली नाही, पण सुलोचनाच्या हाताला ते कोणी सांगितलं नाही. हात आपला धूतच राहिला.

अशा घरात मे महिन्यात सून आली, ती उंदीर घेऊन.

सून सुविधा पेडण्याकडच्या इब्रामपूरची. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. सुलोचनाचा मुलगा साईश वीजखात्यात लाइनमन. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, थोरांनी मान डोलावली आणि लग्न झालं. सुविधाच्या सामानात कपाट होतं, मिक्सर होता, आणि वर ओढणीने झाकलेला एक तारेचा पिंजरा होता. आत काजूच्या पिकल्या बोंडाच्या रंगाचा, मुठीत मावेल असा एक केसाळ जीव झोपला होता. तो हॅमस्टर, त्याचं नाव बोंडू. उंदीर नव्हे, असं सुविधाने सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि त्याला उंदीरच म्हटलं.

"गणपतीचं वाहन माहेरहून आणलं म्हणायचं," शांता म्हणाली. "आता ते पार्क कुठे करायचं तेवढं शिकवा त्याला."

शांता थट्टेत बोलली, पण खरी गोष्ट तीच होती. सुविधाने येतानाच एक तिकोनी प्लास्टिकचं ताट आणलं होतं. तिने सासूला पिंजऱ्याजवळ बसवून सांगितलं होतं, की हे प्राणी मुळात टापटिपीचे असतात, लघवीला स्वतःच एक कोपरा धरतात. त्याने जो कोपरा धरलाय तिथे हे ताट ठेवायचं, त्यात रेती घालायची. ओलं झालेलं तेवढं काढायचं आणि चिमूटभर मागचं तसंच ठेवायचं. मग वासावरून त्याला आपली जागा कळते. सकाळच्या पाळीला तिला लवकर निघावं लागे, म्हणून दुपारी तेवढं बघाल का, असं तिने विचारलं. सुलोचना "होय" म्हणाली.

तोंडाने होय म्हणाली, पण हात ऐकेना. धुतलेल्या भांड्यात जाणूनबुजून घाण शिल्लक ठेवायची, ही गोष्ट त्या हाताने जन्मात केली नव्हती. पहिल्याच दुपारी तिने बोंडूला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातला, पिंजरा अंगणातल्या दगडावर नेला आणि बाल्दीभर गरम पाण्याने तळासकट धुतला. वरून फिनेल. तिकोनी ताट तर काथ्याने असं घासलं की त्यात तोंड दिसावं. रेती नवी, कागदाच्या पट्ट्या नव्या. सगळं लखलखीत झालं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि झोपमोड झालेला बोंडू त्या लखलखीत घरात इकडून तिकडे हुंगत फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी ताट कोरडं होतं. ओलं होतं ते खाण्याच्या वाटीजवळ. सुलोचनाने पुन्हा सगळं धुतलं. मग त्याने दुसरी बाजू धरली, मग झोपायच्या जागेतच ओलं केलं. जसजसा वास वाढला तसतशी ती जास्त धूत गेली. आषाढातल्या दमट हवेत कागद वाळेनात. फिनेल आणि मुताचा मिळून असा काही वास खोलीला येऊ लागला की साईश खिडकीपाशी उशी घेऊन झोपू लागला. त्याने आईला एकदा विचारलं, की पिंजरा साफ होतो ना. रोज होतो, असं तिने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

श्रावण लागला तशी चवथीची बोलणी सुरू झाली. गावकरांचा गणपती या मूळ घरात बसतो. थोरले दीर पांडुरंग आणि थोरली जाऊ मालती फोंड्याहून चवथीला इथेच येतात. मालती नागपंचमीला म्हणून एक फेरी मारून गेली, खोलीत डोकावली आणि पदर नाकाला लावूनच बाहेर आली.

"सुलोचना, देवाची खोली याच भिंतीपलीकडे," ती म्हणाली. "भिंतीच्या अलीकडे ही मुतारी आणि पलीकडे गणपतीवर फळांची माटोळी बांधणार तू?"

सुलोचनाने लगबगीने दार ओढून घेतलं. तिला स्वतःलाच त्या वासाची शरम वाटत होती. त्या संध्याकाळी तिने सुविधाला जवळ बसवून सांगितलं, की चवथीआधी वास गेला तर बरं, नाहीतर त्याला इब्रामपूरला पाठवावं लागेल. तुझा पहिला चवथीचा सण, माहेरहून सणाच्या भेटीचं वजें येईल, तेव्हा येणारे लोक त्याला परत घेऊन जातील.

सुविधा भांडली असती तर सुलोचनाला सोपं गेलं असतं. पण ती फक्त "होय" म्हणाली आणि पिंजऱ्यावर ओढणी घालून आत गेली.

त्या "होय"ने सुलोचनाला बेचैन केलं, कारण तो तिच्या ओळखीचा होता. तीही या घरात आली तेव्हा माहेरचं एक मांजर सोबत घेऊन आली होती. काळं, पोटाखाली पांढरं. ते चुलीपाशी झोपतं म्हणून सासूने परत पाठवायला सांगितलं, तेव्हा तीही अशीच होय म्हणाली होती. त्यानंतर कित्येक वर्षं ती या घराला "यांचं घर" म्हणत आली. धुतलं, पुसलं, सारवलं, पण म्हणताना यांचं. तिला कोणी काही वाईट वागवलं नाही. तेवढा एक सांधा मात्र सैल राहिला तो राहिलाच.

मग गावच्या देवळात भजनी सप्ताह आला, नावाला सप्ताह, पण एका दिवस-रात्रीचा. वाड्यावरच्या बायकांचा पार, म्हणजे भजनाची पाळी, ठरलेला, शिवाय येणाऱ्या भजनी मंडळींसाठी उसळ आणि चहा करायचा. सुलोचना सकाळी जी देवळात गेली ती दुसऱ्या दिवशी समई शांत झाल्यावरच घरी आली. पाय सुजलेले. अंग टाकलं ते दिवसभर उठली नाही. मग तिला एकदम पिंजऱ्याची आठवण झाली. इतक्या दिवसांत एवढा खाडा कधी पडला नव्हता. सुविधालाही सलग जादा पाळ्या होत्या. दाणापाणी तेवढं ती घालून जाई, बाकी काम सासूचं म्हणून तिनेही हात लावला नव्हता.

नाकाला पदर लावून सुलोचना खोलीत गेली. ओढणी काढली. जरा वेळ उभी राहिली आणि मग तिने पदर खाली घेतला.

वास होता, पण कमी होता. आणि तो एकाच जागचा होता. जनेलाकडच्या कोपऱ्यात कागद ओले, पिवळट. बाकी सगळा पिंजरा कोरडा खडखडीत. वाटी कोरडी, अंथरूण कोरडं. बोंडू कागदांच्या गोळ्यात नाक खुपसून असा निवांत झोपला होता, जसा तिने त्याला या घरात कधी पाहिला नव्हता.

सुलोचना मेजाजवळच्या खुर्चीवर बसली. काय झालं ते कळायला तिला फार वेळ लागला नाही. मान्य करायला मात्र लागला. ती धूत होती तोवर त्याला जागा सापडत नव्हती. ती दोन दिवस फिरकली नाही आणि त्याला ती सापडली. रोज दुपारी कोणीतरी आपल्याला उचलून डब्यात घालावं आणि परत आणून सोडावं तेव्हा घर अनोळखी झालेलं असावं, असं त्या जिवाचं चाललं होतं. तो बिचारा रोज पहिल्यापासून सुरुवात करत होता.

ती स्वयंपाकघरात गेली. दुधाला विरजण लावायचं होतं. काल रात्रीच्या दह्याचा तळाशी उरलेला चमचा तिने वाटीत काढला आणि तिथेच थबकली. हा चमचा तिने आयुष्यात कधी धुऊन टाकला नव्हता. त्याच्याशिवाय आजचं दही कसं लागणार? लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. दही कुठे आणि हे कुठे. तिने देवाकडे बघून कानाला हात लावला. पण डोक्यातून ते जाईना.

जुन्या लोखंडी कायलीत तिने चणे भाजायला घेतात तशी रेती चांगली तापवली, चाळली, निवू दिली. तिकोनी ताट फडताळावरून काढलं. बोंडू त्यात जाईना म्हणून तिने ते मागेच काढून ठेवलं होतं, आणि ते भांड्यांबरोबर चकचकीत होऊन बसलं होतं. ओल्या कोपऱ्यातले कागद काढले आणि त्यातला एक तुकडा रेतीवर ठेवला. ठेवला आणि हात आपोआप पुन्हा तो उचलायला गेला. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि तोंडाने देवाचं नाव घेत खोलीबाहेर आली. अंगणात जाऊन हात मात्र कोपरापर्यंत धुतले.

संध्याकाळी सुविधा कामावरून आली ती फोनवर बोलतच. चवथीला येताना बोंडूसाठी भोकांचं खोकं आणायला ती भावाला सांगत होती. फोन ठेवल्यावर सुलोचनाने तिला चहा दिला आणि समोर बसली.

"सुविधा, तो घाणेरडा नव्हता गो. मीच सगळं धूत होते. तू सांगितलेलं चिमूटभरसुद्धा ठेवत नव्हते."

सुविधाने कपातली नजर वर केली नाही. "मला ठाऊक होतं, आई. आल्या आल्या फिनेलचा वास यायचा."

"मग बोलायचं नाही?"

"तुमचं घर. तुम्ही धुणार." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

सुलोचनाने खुर्ची सुनेजवळ ओढली. मग तिने सुनेला त्या काळ्या मांजराची गोष्ट सांगितली. ती तिने शंभूलासुद्धा पुरती कधी सांगितली नव्हती. मांजर परत जाताना पोत्यातून कसं ओरडत होतं, तेही सांगितलं. सुविधाने चहा निवू दिला.

"चवथीला अजून दिवस आहेत," शेवटी सुलोचना म्हणाली. "तू मला परत एकदा सगळं दाखव. आणि माझा हात चुकला तर ओरड माझ्यावर."

"तुमच्यावर?"

"मग कुणावर? बोंडूवर ओरडणार काय?"

सुविधा हसली. नंतरचे दिवस ती खरोखरच ओरडली. सुलोचनाचा हात काथ्याकडे गेला की "आई, विरजण," असं म्हणायची, कारण दह्याची गोष्ट सुलोचनाने तिला सांगून टाकली होती. बोंडू एकदम शहाणा झाला नाही. दोनदा ताट सोडून बाजूला गेला, एकदा ताटातच झोपला. सुक्या बारीक लेंड्या तर तो फिरता फिरता कुठेही टाकी. त्या जुन्या ब्रशने झाडून काढता येतात, हे दोघींनी मान्य करून टाकलं. पण ओलं मात्र रेतीत पडू लागलं. सुलोचना रोज वरची ओली रेती काढी, चिमूट मागे ठेवी. सगळा पिंजरा एकाच वेळी धुवायचा नाही, आज चाक, मग केव्हातरी तळ, असं ठरलं. फिनेल तर अंगणातल्या मोरीपुरतंच उरलं.

चवथीच्या आदल्या दिवशी मालती आणि पांडुरंग आले. माटोळीला नारळ, तवशी-काकड्या, सुपारीच्या घोसांची शिपटं बांधायची घाई चालली होती. मालती हातपाय धुऊन पहिली गेली ती त्या खोलीत. सुलोचना तिच्या मागून गेली. मालतीने दारातून हुंगलं, दोन पावलं पुढे जाऊन हुंगलं, मग पिंजऱ्यापाशी वाकून.

"गेला वाटतं उंदीर," ती म्हणाली. तेवढ्यात कागद हलले आणि बोंडूने नाक बाहेर काढलं. मालती दचकून मागे झाली.

"आहे गो, वयनी," सुलोचना म्हणाली. "आता त्याला त्याचा कोपरा सापडलाय."

मालतीला एवढ्यावर हार मानायची नव्हती. पिंजरा देवाच्या भिंतीला टेकलेला नको, पलीकडच्या भिंतीला लाव, असं तिने सांगितलं. ते सुलोचनालाही पटलं. दोघींनी मिळूनच तो उचलला. नेताना मालतीने ताट हलणार नाही याची काळजी घेतली, हे सुलोचनाने पाहिलं.

दुपारी इब्रामपूरहून वजें आलं. सुविधाचा बाप नारायण आणि भाऊ प्रज्योत. करंज्यांसारख्या नेवऱ्या, लाडू, फळांच्या करंड्या, आणि प्रज्योतच्या काखेत भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. चहापाणी झालं. प्रज्योतने खोकं पुढे केलं आणि विचारलं, की त्याला आत्ताच घालायचं की निघताना.

सगळे सुलोचनाकडे बघू लागले. ती सुनेकडे बघत राहिली.

"नको," सुविधा म्हणाली. "आमच्याकडेच राहील तो. आमच्या घरात त्याची सवय बसलीय आता."

सुलोचना उठली आणि प्रज्योतच्या हातातलं खोकं घेऊन आत गेली. माहेरच्या माणसाचं भांडं या घरातून कधी रिकामं परत गेलं नव्हतं, मग ते पुठ्ठ्याचं का असेना. तिने तळाला केळीचं पान घातलं, त्यावर नारळ, परसातलं तवसं आणि सकाळीच तळलेल्या नेवऱ्या भरल्या. झाकण लावताना भोकांतून तुपाचा वास येत होता.

निघताना नारायणने खोकं हातात तोलून बघितलं. "उंदीर बराच जड झाला हो, विहीणबाई," तो म्हणाला.

सुलोचना हसली. त्यांना पोचवून ती आत आली, देवापुढे वात सारखी केली आणि विरजणाची वाटी झाकून ठेवली.