मैदान आमच्याकडे होतं

अकोल्यातलं ते मैदान गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या आमच्या कंपनीनं अख्ख्या हंगामासाठी धरून ठेवलं, तेव्हा भोवतीचे पत्रे मीच ठोकून घेतले. नववीतून शाळा सोडून पुण्याला गेलो, त्या दिवसांत मालकांनी गोदामात झोपायला जागा दिली, जेवू घातलं, काम शिकवलं. त्यांच्याबद्दल वाकडं लिहायचं तर आजही हात अडखळतो.

तिकीट एवढं महाग का, म्हणून लोक गायकाला नावं ठेवतात. गायक घेतोच पैसे. पण मैदान आमच्याकडे, स्पीकर आमचे, तिकीट विकणारं ॲप मालकांच्या मेव्हण्याचं. पुढच्या खुर्च्या जाहिरातवाल्यांना फुकट, त्यांची कसर मागच्या तिकिटांत निघते. अमरावतीतही तेच. दुसऱ्या कोणाला गायचं असेल तर त्यानं आमच्याच दारात यायचं.

त्याच मैदानावर दर एप्रिलात माझ्या काकांची पार्टी भीमगीतं गायची. बार्शीटाकळीहून टेम्पो भरून लोक यायचे. तिकीट नाही. ऐकता ऐकता कोणी उठायचं, काकांच्या हातात दहाची नोट द्यायचं. काका गाणं थांबवून माइकवर त्याचं नाव घ्यायचे, मग पुढची ओळ. त्या एका नावासाठी म्हाताऱ्या बायका पदराला नोट बांधून यायच्या.

यंदा मैदान मिळेना, तेव्हा काकांचा फोन आला. "तू तं तिथंच हायेस ना बाप्पा? सांग न तुह्या मालकाले."

मी घाबरत घाबरत विषय काढला. मालक म्हणाले, "तुझे काका ना? मग मोठ्या कार्यक्रमाआधी अर्धा तास देऊ त्यांना. स्पीकरसकट." मी त्यांच्या पायाच पडलो.

काका दुपारी पेटी घेऊन आले, पार्टीसकट स्टेजवर चढले. समोर रिकाम्या खुर्च्या, मग पत्रे. पत्र्यांपलीकडे त्यांचे लोक.

"आन आयकनारे?"

"आत तिकीट लागते, काका."

"काहून? गानार तं मी हाओ."

"भायेरून आयकू येईन त्याहिले."

ढोलकीवाले बसल्या जागेवरून म्हणाले, "पोट्टं लय मोठं झालं बे. आपल्यालेच पाहुनं करून रायलं." सगळे हसले. मीही हसलो, आणि मालकांनी ऐकलं तर नाही ना, ते पाहून घेतलं.

काका खाली वाकून हळू म्हणाले, "गेट उघड. अर्धाच घंटा. मंग लाव पुन्हा."

किल्ली माझ्याच खिशात होती. "विचारून येतो," म्हणालो, आणि गेलोच नाही. स्टेजमागे केबलची वेटोळी उगाच इकडून तिकडे सारत राहिलो.

काकांनी वाट पाहिली. मग पेटी उचलली. "नोट कोन देईन मले अठी? नाव कोनाचं घेऊ, खुर्चीचं?"

ते बाहेर रस्त्याकडेला सतरंजी टाकून बसले आणि माइकशिवाय गायले. मला आतून शब्द लागत नव्हते. ढोलकी तेवढी कळत होती. ती मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

मालक आले. "काका कुठायत रे?"

"त्यांना बरं वाटत नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग उद्या घरी जाऊन ये. सुट्टी घे, पगार नाही कापणार."

मी सुट्टी घेतली नाही. कार्यक्रम संपल्यावर सामानाच्या ट्रकमध्ये बसून सरळ पुण्याला आलो.