एकाच ताटातलं अळणी

समस्त ग्रामस्थ, पाहुणेरावळे आणि चहाच्या टपरीवरची विद्वान मंडळी यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक, वय चाळिशीपार, मिशा भरघोस, गावच्या नाटकात कायम राजा, हा मिठाच्या एका खड्यासाठी भर वॉर्डात रडला आहे. अफवा खरी आहे. आता बसा, सांगतो.

एचआयव्हीच्या गोळ्या मला आधीपासून चालू होत्या. त्यात पोटात टीबी निघाला. लोहाऱ्याजवळच्या आमच्या घरी ही बातमी माझ्या आधी पोहोचली. मी जीपमधून उतरून ओट्यावर टेकतोय, तोवर चुलतीनं माझी ताटवाटी वेगळी काढून ठेवलेली. आईनं ते ताट उचलून कोंबड्यांच्या पाण्याला लावलं आणि त्या दिवसापासून माझ्याबरोबर एकाच ताटात जेवायला लागली. तेही दार सताड उघडं ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

इथवर झकास होतं. पण ती येरमाळ्याच्या येडाई देवीला नवस बोलली: लेक आपल्या पायानं दर्शनाला येईपर्यंत मीठ सोडलं. ताट एक, म्हणून माझंही मीठ सुटलं. आजाऱ्याला अळणीच बरं, यावर गावाचं एकमत होतंच.

भूक मेली होती, पण मीठ स्वप्नात यायचं. लोणच्याच्या बरणीच्या काठाला धरलेला खार, पाट्यावरचा ठेचा, तव्यावरच्या भाजलेल्या शेंगा. म्हशीच्या घमेल्यातल्या खडेमिठाकडे मी एकदा असं बघितलं, की तिनं घमेलं पायाशी ओढून घेतलं. हे जरा वाढवून सांगतोय, पण जराच.

मग उठलं की डोळ्यांपुढं अंधारी, पोटात काही ठरेना. एका सकाळी मी म्हशीला ‘प्रधानजी’ म्हणून हाक मारली आणि राज्याची खबर विचारली. घर हसलं. माझं काय, नेहमीचंच. आई तेवढी हसली नाही. म्हणाली, “ह्याचं डोळं हसंना गेलेत. गाडी बघा.”

धाराशिवला दवाखान्यात सलाईन लागलं, शुद्ध जागेवर आली. तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं, “मावशी, यांच्या रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय आणि पोटॅशियम चढलंय. किडनीच्या वर दोन ग्रंथी असतात, त्या टीबीनं धरल्यात. अंगात मीठच टिकत नाही. त्याचं औषध सुरू केलंय.” पाहुण्यांनी आणलेली शहाळी त्यांनी कॉटखालून काढायला लावली, त्यानं पोटॅशियम आणखी वाढलं असतं. मग विचारलं, “जेवणात मीठ कसं आहे?”

“मीठ कुठलं, बाई. अळणी हाय सगळं,” आई अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. “आजपासून मीठ द्या. नाहीतर परत असंच होईल, आणि दर वेळी वेळेत पोहोचाल असं नाही.”

आता माझ्या ताटात मीठ बरोबर असतं. गोळ्या चालू आहेत, येरमाळ्याला पायांनी जाऊन आलो, म्हशीला म्हैसच म्हणतो. आई तेवढी राहिली नाही. उघड्या दारात एकटा जेवायला बसतो, भाकरी मोडतो आणि अर्धी सवयीनं पलीकडं सरकवतो. मग बराच वेळ ती तशीच राहते. ज्या अळणी पिठल्याला मी वैतागलो होतो, त्याचा एक घास तिच्यासमोर बसून मिळावा, एवढंच मागणं उरलंय. राजाला शोभत नाही, पण आहे.

डॉक्टरीणबाईंनी मीठ द्यायला सांगितलं, त्या दुपारी चुलती डबा घेऊन वॉर्डात आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि सोपा तोडगा काढला. “आक्का, आता तरी त्याचं ताट येगळं करा. त्याला मीठ मिळंल, तुमचा नवस बी ऱ्हाईल.”

मी उशीवरून बघत होतो. आईनं डबा उघडला, वरण-भात ताटात काढला. चुलतीच्या पिशवीत मिठाची पुडी होती, तिनं ती मागून घेतली. पुडीतला एक खडा मी आधीच मागितला आणि रडलो, तो हाच प्रसंग. आईनं तो माझ्या जिभेवर ठेवला. उरलेलं मीठ हातात धरून ती बसून राहिली. नवस मोडावा, तर लेकावर कोप होईल ही धास्ती. पाळावा, तर ताट वेगळं.

मग तिनं त्यातलं चिमूटभर मीठ त्या एकाच ताटात कालवलं, पहिला घास स्वतः घेतला आणि छताकडं बघून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “येडाई, रागवायचं तर माझ्यावर रागव, पर ताट काय म्या दुसरं काढायची न्हाय.”