इवायांचं भिंगाचं दिवं

त्या ऐतवारी माझ्या अंगनात कोनकोन हुतं ते आदी सांगते, म्हंजी मागनं कुनी 'आमी तितं नव्हतोच' म्हनायला नको. मी हुते. माझी लेक मंगल हुती, तिचा नवरा दत्ता हुता. शेजारच्या लक्ष्मीअक्का हुत्या. त्यांना कुनी बोलवलं नव्हतं, पन आमच्यात काय घडायला लागलं की त्यांना भिंतीपलीकडनं वास येतो. आन् हुते आमचे इवाई, म्हंजी दत्ताचे वडील, माझ्या लेकीचे सासरे. उजेडापायी एवढ्या मान्सांचा जीव नकोसा करनारा दुसरा गडी आख्ख्या सोलापुरात घावायचा न्हाय, हे मी कुठल्याबी देवळात उभं ऱ्हाऊन सांगीन.

इवाई यष्टीत एकतीस वर्सं डायवर हुते. बार्शीची गाडी, करमाळ्याची गाडी, जी कुनाला नको ती सांच्याची गाडी ह्यांच्याकडं. तवापास्नं त्यांना दिव्याचं याड लागलं ते लागलंच. दुसरी मानसं कुनाच्या घरी गेली की आदी पानी पित्यात. हे आदी वर बल्बाकडं बगनार, मंग नाक मुरडनार, मंग म्हननार, "हितं मान्सं ऱ्हात्यात का वटवागळं?" खिशात बॅटरी चोवीस तास. भर दुपारी माझ्या घरी जेवायला बसले तर बॅटरी लावून आमटीत बगत्यात. मंगलच्या लग्नात अक्षता टाकायची येळ झाली, भटजीनं 'सावधान' म्हटलं, आन् हे खुर्चीवर चढले. का? तर मांडवातला मोठा दिवा नवऱ्याकडं फिरलाय आन् नवरी अर्धीच दिसतीया. दिवा फिरवूस्तवर मंगलाष्टक सपलं. अर्ध्या अक्षता जोडप्यावर पडल्या, अर्ध्या इवायांच्या टकलावर. रस्त्यानं यांच्याबरोबर जायचं म्हंजी शिक्षाच. समोरनं टरक आला की हे काचंतनं मुंडकं भाईर काडून वरडनार, "ए, तुजा डावा दिवा आभाळाला लागलाय रं!" एकदा एका टरकवाल्यानं थांबून सांगितलं, "आजोबा, दिव्याचं ऱ्हाऊ द्या, तुमी रस्त्याकडं बगा." आमी गाडीत सगळी हसलो. इवाई दोन दिस कुनाशी बोलले न्हाईत.

माझं सांगायचं तर माझं आयुष्य टावेलात गेलं. मंगल चार वर्सांची असताना तिचा बाप गेला. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टावेलाच्या शिलाईला लागले. सकाळी चालत जायाचं, सांच्याला चालत यायाचं, पोरगी लक्ष्मीअक्कांच्यात. काठ सुताएवढा वाकडा गेला तरी मुकादम टावेल तोंडावर फेकायचा. रडायला येळ नव्हता, म्हून रडले न्हाय. त्यात एक झालं, वाकडं काय आन् सरळ काय, हे माझ्या डोळ्याला इचारावं लागत न्हाय, आपसूक कळतं. सांगायचं कारन असं की मंगल आता त्याच एमआयडीसीत कामाला हाय. शिलाईला न्हाय, हापिसात, कॉम्पुटरवर. साडेसातला सुटती. इवाई रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली, आन् सुनंला रोज सांच्याला आनायचं काम आपनहून अंगावर घेतलं. मला बरं वाटलं. आपून चालत आलो, पोरगी गाडीत बसून येती, ह्याच्यापरास काय पायजे?

तर दिवाळीच्या आदी एका सांच्याला मंगल आमच्यात आली ती दारातनंच सांगाय लागली. पानीबी पेली न्हाय. त्या रस्त्याला सुट्टी झाली की लूमवरचे कामगार सायकलींवर निगत्यात, केसात कापूस, सायकलीला दिवा न्हाय. त्यातला एक इवायांच्या गाडीम्होरं आला. कसा वाचला त्यालाच ठावं. सायकल रस्त्याकडच्या चारीत गेली, हँडल वाकडं झालं, मानसाला खरचटलं. इवाई मागनं आले आन् म्हनले, "दिवा कमी पडला, इहीनबाई. ह्या गाडीला कंपनीनं दिवा न्हाय, उदबत्ती बसवलीया." एकतीस वर्सात ज्या डायवरच्या चाकाखाली कोंबडी आली न्हाय, त्यानं दिव्याचं नाव घेतल्यावर आमी कोन बोलनार? आमी सगळ्यांनी दिव्यालाच शिव्या दिल्या.

आठ दिसांनी खोकं आलं. त्यात पेरवाएवढी दोन काचंची भिंगं. पोर्जेक्टर म्हनत्यात म्हनं त्याला. इवायांनी मोबाईलवर कुनाचं तरी बगून सगळं पाठ केलं हुतं. "इहीनबाई, साधा दिवा उजेड सांडतो. भिंगाचा दिवा उजेड वाडतो. वरनं कापल्यागत सरळ रेघ, रेघंच्या खाली दुपार, रेघंच्या वर रात. समोरच्याच्या डोळ्यात एक थेंब जायाचा न्हाय." म्हटलं, "बरं हाय की. मंग गॅरेजवाल्याकडं द्या." तर म्हनले, "गॅरेजवाल्याला काय कळतं?" आन् हे सगळं करायला जागा कुटली, तर माझं अंगन. त्यांच्या घरी बंदी हुती, मागं कायतरी पॉलिश करताना बायकूचा मिक्सर जाळला हुता. आन् माझ्या अंगनासमोर बंद पडलेल्या लूमच्या शेडची लांबलचक कोरी भिंत हाय, दिवा जुळवायला तसलीच लागती. इवायाला न्हाय म्हनता येत न्हाय. लेक दिलीया. मी म्हटलं, "या."

ऐतवारी सकाळी आले ते गाडीचं थोबाडच काडून ठेवलं. दोन्ही दिवं भाईर, वायरी लोंबत्यात, इस्क्रू माझ्या मिसळनाच्या डब्यात, हळदीच्या वाटीत बारीक आन् मोहरीच्या वाटीत मोठं. मंग म्हनले, "आता तुमचं मोठं पातेलं द्या." त्या पातेल्यात गल्लीच्या पंगतीची आमटी शिजती. म्हटलं, "कशाला?" तर दिव्याची काच डिंकासारख्या काळ्या लुकनानं चिकटवल्याली असती, ती तापवल्याबिगर निघत न्हाय. मोबाईलवरचा मानूस भट्टीत घालतो, आमच्यात कुटली भट्टी? मंग शेंगा भाजायची वाळू पातेल्यात, वाळूवर दिवा, वर परात, परातीवर वला टावेल, आन् खाली माझा गॅस. लक्ष्मीअक्का भिंतीवरनं म्हनल्या, "काय शिजवताय वो, लई वास सुटलाय." मी म्हटलं, "इवायांचा दिवा." तर म्हनल्या, "मीठ बेतानं घाला."

पैला दिवा निघाला. दुसरा इवायांनी बोलन्याच्या नादात जास्ती ठेवला, त्याचा एक कोपरा मेनबत्तीवानी वाकला. "हे दिसत न्हाय, बंपरच्या आत जातं," म्हनले. माझ्या घरात त्या लुकनाचा वास चार दिस हुता. भाकरीला वास, चटनीला वास, उशीला वास. मी दात खाऊन ऱ्हायले.

भिंगं बसवूस्तवर दिस मावळला. गाडी भिंतीकडं तोंड करून लावली, दहा-बारा पावलावर. इवायांनी भिंतीवर खडूनं आडवी खून केली आन् दत्तानं दिवं लावले. खोटं कशाला बोलू, मी बगतच ऱ्हायले. भिंतीवर उजेडाची अशी कड पडली हुती, जनू कात्रीनं कापलीया. पन डाव्या दिव्याची कड एका टोकाला बोटभर खाली. मी म्हटलं, "पावनं, डावी वाकडी हाय."

"न्हाय वो, सरळ हाय."

"वाकडी हाय. आतल्या अंगाला उतारलीया."

"इहीनबाई, टावेलाचं तुमी बगा, दिव्याचं मी बगतो."

तरी मागचा नट सैल केला, भिंग फिरवलं, परत आवळला. नट आवळला की भिंग त्याच्याबरोबर फिरतं, ही त्या दिव्याची खोड. "आता?" म्हनले. म्हटलं, "आता पयल्यापरास वाकडी." "हां," म्हनले, "तसंच पायजे हुतं, आता एक टप्पा ऱ्हायला." परत सैल, परत आवळ. मंग दत्ताला इचारलं, "तुला कुटवर दिसतीया रं?" मंगलला इचारलं, "सांग बगू, खडूच्या वर का खाली?" जनू पोरांची परीक्षाच. मी दमले, पातेलं घासायला म्हून उचललं आन् त्यांच्या मागनं आत निघाले. तेवढ्यात इवाई वरडले, "इहीनबाई, जरा बाजूला सरका की! मगापास्नं उजेडात उभं ऱ्हायलाय. कानात बोळं घातल्यात का?"

मी त्यांच्या पाठीशी उभी. उजेडाच्या कडंला दोरीवर माझं हिरवं लुगडं वाळत हुतं. इवाई त्याला हात हलवत हुते, "सरका, सरका."

लक्ष्मीअक्का हसूनहसून कट्ट्यावर बसल्या. "अहो पावनं, इहीनबाई धुऊन वाळत घातल्यात व्हय!" दत्ताबी हसला. मंगलबी हसली, पन मदीच थांबली आन् माझ्याकडं बगितलं. इवाईबी हसले, सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. "गंमत केली, गंमत!" त्या हसन्यानं मला कळलं.

मी मंगलला म्हटलं, "च्या टाक." दत्ताला म्हटलं, "अक्कांच्यातनं वाटीभर साखर आन, आन् अक्कांनाबी घरी सोड, त्यांचा कुकर झाला आसंल." अक्कांचा कुकर कसला, पन उठल्या. मंग मी दोरीवरचं लुगडं काडलं, घडी घातली, आन् गाडीच्या उजेडात इवायांच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायले.

"पावनं, भिंतीवरची रेघ तुमाला दिसती का?"

इवाई हातातला पाना पुसत ऱ्हायले. मंग म्हनले, "दोन वरीस झालं. कुटलाबी दिवा बगितला की भवती कोळ्याचं जाळं. पैल्यांदा वाटलं गाडीची काच मळलीया, काच बदलली. मंग बल्ब बदललं. मंग वाटलं दिवाच जुना झालाय. आज भिंगबी बसवलं." पाना खाली ठेवला. "आता बदलायला गाडीत काय ऱ्हायलं न्हाय, इहीनबाई."

दिसभराचा माझा राग हितं पातेल्यावर, गॅसवर, वासावर बसला हुता. तो तितनं उठला. मी म्हटलं, "माझी पोरगी त्या गाडीत बसती. आन् त्या रस्त्यानं सांच्याला चालत घरी येनाऱ्या मान्सांत मीबी एकदा हुते." इवाया-इहिनीनं बोलायचं तरी किती? त्यांनी दिवं बंद केले, चावी काडली आन् माझ्या हातातल्या लुगड्याच्या घडीवर ठेवली. म्हनले, "दत्ताला सांगू नका. मी सांगतो." आन् च्या प्यायच्या आदी त्यांनी सांगितलं. दत्तानं मान खाली घातली, "आबा, आदी सांगायचं की वो," एवढंच म्हनला.

डाक्टर म्हनला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. एका डोळ्याचं आपरेशन झालं, त्यानं दिवसाचं चांगलं दिसायला लागलं, रातीचं न्हाय. दुसऱ्यात आत आनीक कायतरी बिघडलंय, त्याला लई उशीर झाला म्हनला. दिवस मावळल्यावर गाडीला हात लावायचा न्हाय. इवायांनी ऐकून घेतलं आन् डाक्टरालाच सांगितलं, तुमच्या ह्या टेबलावरचा दिवा चुकीच्या जागी हाय.

भिंगं दत्तानं म्होरल्या ऐतवारी पुरी केली. मी सांगत गेले, वर घे, खाली घे, तो फिरवत गेला. आता मंगलला तोच आनतो, आन् त्यांच्या घराकडं जाताना गाडी आमच्याच गल्लीवरनं जाती. इवाई रोज सांच्याला चालत माझ्या कट्ट्यावर येऊन बसत्यात, आन् मला अजून तितकाच तरास देत्यात. दाराचा बल्ब बदला, देवापुढची वात मोटी करा, च्या अंधारात का पिताय. सात वाजून गेले की मातूर बोलनं बंद हुतं. गल्लीच्या तोंडाकडं मान करून बसत्यात. "आले का हो दिवं?" "न्हाय अजून." जरा येळानं परत, "आता?" मी बसल्या जागंवरनं बगते. कोपऱ्यावर उजेड वळला की सांगते, "आले." "कसं दिसत्यात लांबनं?" "लई चांगलं दिसत्यात, पावनं." मंग ते उठत्यात, काठी घेत्यात आन् घरी जात्यात.

हे जे कोन वाचत आसंल त्याला माझं एकच सांगनं हाय. तुमच्या घरातलं वय झालेलं मानूस गाडीच्या दिव्याला, काचंला, रस्त्याला सारखी नावं ठिवाय लागलं, तर चारचौघांत त्याला हसू नका. बाकीच्यांना कायतरी कामाला लावा, त्याला एकट्याला बसवा, आन् तुला दिसतंय का म्हून हळू इचारा. आन् ते दोन वर्सांनी इचारू नका. आजच इचारा.